कांड्यांच्या खोलीतलं पुस्तक

आनंदीबाईंच्या कपाटाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. भिवंडीच्या बाजारपेठेतल्या त्या वाचनालयात मोठ्या माणसांची कपाटं उघडी असत. ज्याला जे हवं ते त्यानं काढावं, चाळावं, पुन्हा उलटं खोचून ठेवावं. कोपऱ्यातलं मुलांचं कपाट मात्र बाईंचं. किल्ली त्यांच्या कमरेला. शाळेतून निवृत्त झाल्यावर 'तुमचा वेळ जाईल' म्हणून मंडळींनी ते काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं, आणि बाईंनी ते वेळ घालवायला नव्हे, राज्य करायला घेतलं होतं.

मूल समोर आलं की बाई त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत. घरात कोण कोण आहे, अंधाराची भीती वाटते का, शेवटचं भांडण कुणाशी झालं, असं काहीबाही विचारत आणि मग कपाटात हात घालून एकच कादंबरी बाहेर काढत. "ही वाच." कशाबद्दल आहे, चित्रं आहेत का, असले प्रश्न चालत नसत. आणि खरं सांगायचं तर बाईंचा नेम सहसा चुकत नसे.

पुस्तक परत आलं की परीक्षा असे, पण ती एकाच प्रश्नाची. "कुठे थांबलास?" गोष्ट सांगायला लावत नसत. तात्पर्य तर नाहीच. तात्पर्याचं नाव काढलं की बाईंच्या अंगाचा तिळपापड होई. जेवायला हाक आली तेव्हा गोष्ट कुठे होती आणि उठताना कसं वाटलं, एवढंच त्यांना हवं असे. एखादा पोरगा म्हणे, "वादळ सुटलं तिथे. आई ओरडत होती, मी उठलोच नाही." की बाई खूश. एखादा पानाचा आकडा सांगे, की बाई समजत, औषध चुकलं, बदलायला हवं.

गोदू पहिल्यांदा आली ती सहावीत असताना. वडपे गावच्या हिरामणची पोर. हिरामण गाव सोडून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला लागला होता आणि कारखान्यामागच्या एका खोलीत बिऱ्हाड करून राहिला होता. पोरगी काळी, काटकुळी, आणि नजर अशी की समोरच्या माणसाच्या खांद्यावरून मागचं कपाट वाचतेय. बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. सरळ दीपगृहाची कादंबरी दिली. बापाला ताप भरतो, आणि त्याची मुलगी एकटी समुद्रातला दिवा पेटता ठेवते, ती. ही कादंबरी बाई ऊठसूट कुणाला देत नसत. आपली आवडती वस्तू माणूस हातचं राखूनच देतो.

दोन दिवसांत गोदू हजर.

"कुठे थांबलीस?"

"थांबलेच न्हाय बाई. चिमणी इजली, तवा रस्त्याच्या दिव्याखाली जाऊन बसले. बा मारायला आला, तरी चार वळी राहिल्यात म्हणून सांगितलं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. इतकी वर्षं शाळेत खडू झिजवला, पण असं उत्तर क्वचितच मिळालं होतं. त्या दिवशीच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की ही पोर सातवीवर थांबता कामा नये. दुसऱ्याच रविवारी त्या हिरामणच्या खोलीवर जाऊन थडकल्या. सातवी पास झाली की आठवीला हायस्कुलात घालायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. हिरामण गरीब स्वभावाचा माणूस. बाईंच्या तोंडापुढे त्याचं काय चालणार? "पास झाली त घालू," तो म्हणाला. गोदूची आई तुळजा आतून म्हणाली की पोरगी घरात बसून करणार तरी काय, शिकू दे. एवढ्यावर बाई समाधानानं परतल्या. पुढलं सारं वर्ष त्यांचा जीव ह्या एका गोष्टीत अडकला होता: गोदूची सातवी, आणि मग आठवी.

सातवीच्या वर्षी पुस्तकं परत येताना त्यांच्या पानांत सुताचा भुगा येऊ लागला. बाईंनी आधी डोळे वटारले, मग चौकशी केली. उलगडा असा झाला की तुळजा काळूरामशेठच्या कारखान्यात कांड्या भरायला जाई आणि शाळा सुटली की गोदू आईपाशी जाऊन बसे. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची लहानशी गुंडाळी. ती संपली की लूम थांबतो, म्हणून भरलेल्या कांड्यांचा ढीग सदैव हाताशी लागतो. लूमच्या दालनामागे एक लांबट खोली होती. तिथे बायका आणि पोरी हाताच्या रहाटावर कांड्या भरत. ते वीजटंचाईचे दिवस. वीज गेली की लूमची खटखट एकदम बंद पडे आणि कान दुखायला लागतील अशी शांतता होई. लूमवरचे कामगार विड्या ओढायला बाहेर जात, तशा कांड्यांच्या पोरीही रहाट सोडून अंगणात पळत. हाताच्या रहाटाला विजेचं काय अडलंय? पण पोरी त्या पोरीच. अशाच एका दुपारी गोदू पुस्तक वाचत बसली होती. शकीला नावाच्या पोरीनं विचारलं, क्या पढ रही है, जोर से पढ ना. गोदूनं मोठ्यानं वाचलं. शकीलाला मराठी अर्धीमुर्धी समजे, तेव्हा अडलं तिथे गोदू हिंदीत सांगे. झालं. त्या दिवसापासून वीज गेली की पोरी अंगणात जाईनात.

हे ऐकून बाईंचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. कपाटातली कादंबरी शाळेच्या पोरांपर्यंत जाते, घरोघर जाते, हे त्यांना माहीत होतं. पण ती सुताच्या धुळीत, शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरींच्या मांडीशी जाऊन बसेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. वाचनालयात येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ही हकिकत ऐकवली. काहींना दोनदा ऐकवली.

आणि मग एका संध्याकाळी गोदू अर्धवट वाचलेलं पुस्तक परत घेऊन आली. मुकादमानं पुस्तक खेचून भिरकावलं होतं. कामाच्या जागी असले चाळे नकोत म्हणाला. गोदूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. पुस्तकाचा कोपरा दुमडला होता तो बोटानं सरळ करत होती.

बाई तशाच उठल्या. रागाच्या भरात माणसाला आपण काय बोलतो ह्याचं भान राहत नाही, आणि बाईंना राग यायला वेळ लागत नसे.

काळूरामशेठ काही राक्षस नव्हता. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा पोर, बापाची जमीन विकून लूम बसवलेले, हातात अंगठ्या आणि बोलण्यात अजून भातशेतीचा वास. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला, खुर्ची पुसायला लावली, चहा मागवला. त्याचा मोठा मुलगा बाईंच्या हाताखाली शिकला होता. बाईंनी चहाला हात लावला नाही. पोरींना दोन शब्द ऐकायला मिळतात तर तुमचं काय जातं, असा जाब विचारला. शेठ डोकं खाजवत म्हणाला, कामाचं नुकसान होतं बाई. तेव्हा बाई कडाडल्या:

"नुकसान? अहो शेठ, वीज गेली की तुमच्या पोरी अंगणात पळतात. वाचन असलं की जागच्या हलत नाहीत. हात रहाटावर, कान गोष्टीत. एक महिना वाचू द्या आणि मग कांड्यांचे ढीग बघा. कमी भरले तर मला येऊन सांगा."

शेठनं मान तिरकी करून विचार केला. मग हसला. "तुम्ही म्हन्ता त करून बघू," तो म्हणाला.

बाई विजयी मुद्रेनं घरी आल्या. पुढचे काही आठवडे त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असतील. कपाट त्यांनी नव्यानं लावलं. आता त्या एका मुलीसाठी नव्हे, अख्ख्या खोलीसाठी निवडत होत्या. कांड्यांच्या खोलीला काय चालेल? वर्णनं लांबलचक नकोत. माणसं थोडी हवीत, नाहीतर नवीन पोरीला संदर्भ लागत नाही. आणि प्रत्येक प्रकरणाचा शेवट असा हवा की ऐकणारीला उठावंसं वाटू नये. जंगलात चुकलेल्या दोन भावांची कादंबरी त्यांनी दिली, पुरात वाहून गेलेल्या पोराची दिली, सर्कशीतून पळालेल्या मुलीची दिली. एकदा त्या स्वतः जाऊन दारात उभ्या राहिल्या. वीज गेलेली. आत रहाटांची नुसती घरघर, आणि तिच्यावर गोदूचा आवाज. कुणी वर पाहत नव्हतं. सर्कशीतली पोर रात्रीच्या मैदानातून पळत होती आणि तिच्याबरोबर रहाट पळत होते. तुळजाच्या शेजारी भरलेल्या कांड्यांची टोपली काठोकाठ होती. बाईंना भरून आलं. टोपली त्यांनी पाहिली होती, पण तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

संक्रांत उलटली आणि शाळेतल्या बाईंकडून निरोप आला की गोदू बरेच दिवस वर्गात नाही, परीक्षा तोंडावर आली आहे. आनंदीबाईंना वाटलं, आजारी असेल. त्या निघणार तेवढ्यात हिरामणच वाचनालयाच्या दारात आला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं बाईंच्या पायाला हात लावला.

"बाई, तुमच्यामुळं पोरीचं भलं झालं. शेठनी तिला दिवसभर ठेवलीय. रहाट न्हाय, काय न्हाय. बसून वाचायचं, नि पगार कांडीवालीचा. आमच्या घरात असं बसून खायाचं काम कुनाला भेटलंय?"

वीज असो वा नसो, वाचन चालूच. शेठनं मधल्या भिंतीचं दार बंद करून घेतलं होतं म्हणे, म्हणजे लूमच्या आवाजातही वाचलेलं ऐकू येईल. गोदूला जरा ओरडून वाचावं लागतं, एवढंच. शाळेचं काय, आठवीचं काय, असं बाईंनी विचारलं. हिरामणला प्रश्नच कळला नाही. शिकून वाचायलाच येतं ना, तो म्हणाला. ते तर तिला येतं.

पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तो गेला. बाईंनी तो उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या शेठकडे गेल्या. ह्या खेपेला आवाज चढला नाही. विनवायलाच गेल्या होत्या. मुलगी हुशार आहे, परीक्षेपुरती तरी सोडा, असं सांगितलं. शेठला खरोखर वाईट वाटलं. चहा आला. पण तो म्हणाला, बाई, आता सोडली त पोरी दंगा करतील, गोष्ट अर्धी राहिलीय. आणि मग अगदी मोकळ्या मनानं त्यानं सांगितलं, "तुम्ही म्हन्लं तसाच झाला बघा. ढीग मावत न्हाय टोपल्यांत. काल्हेरचा माझा साडूपन आता वाचनारी पोर शोधतोय. असल कोनी नजरेत त सांगा."

परतताना बाजारपेठेत ओळखीची माणसं नमस्कार करत होती आणि बाईंना कुणीच दिसत नव्हतं. स्वतःच्या तोंडानं आपण त्या माणसाला हे शिकवून आलो, हा एकच विचार डोक्यात घण घालत होता. कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर बाईंनी त्याला उभा सोलला असता. इथे सोलायचं कुणाला?

तरी त्या हातपाय गाळणाऱ्यातल्या नव्हत्या. कपाटाच्या तळाशी काही पुस्तकं त्यांनी वर्षानुवर्षं कुणाला दिली नव्हती. सद्गुणी बालकांच्या कादंबऱ्या, ज्यांत पानोपानी कुणी ना कुणी उपदेश करतं आणि शेवटी सगळे शहाणे होतात. त्यातली सगळ्यात रटाळ त्यांनी निवडली. आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट पुस्तक निवडलं, आणि तेही इतक्या काळजीनं. पोरी कंटाळतील, उठून जातील, शेठ म्हणेल वाचन पुरे, आणि गोदू शाळेत परत येईल. हिशेब अगदी सरळ होता.

पोरी कंटाळल्या. उठून अंगणात गेल्या. शेठ म्हणाला, वाचन पुरे. इथवर सगळं बाईंच्या हिशेबाप्रमाणे झालं. मग मुकादमानं गोदूपुढे एक रहाट आणून ठेवला, कारण पगाराची सवय आता हिरामणच्या घराला लागली होती आणि गोदूचा धाकटा भाऊ त्याच पैशावर शाळेत जाऊ लागला होता.

गोदू ते पुस्तक परत द्यायला आली तेव्हा तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. सूत कापतं. जुन्या बायकांची बोटं निबर होतात, नवीनांची फाटतात. बाईंनी चिंध्यांकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"बाई," गोदू खालच्या आवाजात म्हणाली, "मी काय चुकले का? तुम्ही असं कधी देत न्हाय."

बाईंना सांगता आलं असतं. तुला सोडवायला दिलं होतं गं, असं म्हणता आलं असतं. पण सोडवून कुठे पाठवलं, ते समोर दिसत होतं.

"चांगलं द्या ना," गोदू म्हणाली. "शेठ म्हन्लाय, पोरी बसल्या त परत वाचायला ठेवीन."

म्हणजे आता एवढंच उरलं होतं. वाईट पुस्तक दिलं तर रहाट, चांगलं दिलं तर वाचन. शाळा दोन्हीकडे नव्हती. बाईंनी कपाट उघडलं. त्यांचा हात ओळखीच्या पाठींवरून फिरला. ज्या पुस्तकांनी कित्येक पोरांना घराबाहेरचं जग दाखवल्याचा अभिमान त्या बाळगत होत्या, त्यातलं प्रत्येक आता एका पोरीला एका खोलीत बसवून ठेवायच्या कामाचं होतं. जितकं सरस, तितकं जास्त कामाचं. त्यांनी सगळ्यात सरस काढून दिलं.

मार्चात परीक्षा झाली. बाई सकाळी शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गोदूच्या वर्गातल्या पोरी पॅड छातीशी धरून आत गेल्या. घंटा झाली, फाटक लागलं, शिपाई त्यांना म्हणाला, बाई, कुणाला शोधताय? कुणाला नाही, असं म्हणून त्या घरी आल्या.

पुढे जून आला आणि आठवीचे वर्ग भरले. गोदू दर आठवड्याला कपाटापाशी येत होती, जुनं देऊन नवं नेत होती. तिचा आवाज बसला होता. दिवसभर लूमच्या खटखटीवर ओरडून ओरडून त्याला घोगरेपणा आला होता, एखाद्या मोठ्या बाईसारखा. ती आली की आता खांद्यावरून कपाट वाचत नसे. पिशवी पुढे करून उभी राही.

श्रावणातली गोष्ट. कपाटातल्या बऱ्याचशा कादंबऱ्या खोलीत वाचून झाल्या होत्या आणि आधीच्या आठवड्यात बाईंनी तिला पुन्हा दीपगृहाची दिली होती. मनात एक वेडी आशा होती. पहिलं पुस्तक आहे तिचं. ते हातात आलं की काहीतरी जागं होईल. ज्या पोरीनं बापाच्या माराला न जुमानता रस्त्याच्या दिव्याखाली शेवटच्या चार ओळी वाचल्या होत्या, ती कुठेतरी असेलच ना? गोदूनं पुस्तक टेबलावर ठेवलं. पानांत सुताचा भुगा होता. बाईंनी तो फुंकला नाही. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिला तो प्रश्न विचारला.

"गोदू, कुठे थांबलीस?"

गोदूनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. प्रश्न विचारतात हे जणू ती विसरली होती.

"शिफ्ट सुटली तितं," ती म्हणाली.

"म्हणजे गोष्टीत कुठे? दिव्यातलं तेल संपत येतं तिथे? की बाप उठून बसतो तिथे?"

गोदू आठवायचा प्रयत्न करत होती. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मग तिनं मान हलवली.

"ठाव न्हाय बाई. मी वाचते नुसती. ऐकतात त्या."

तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं. रहाटाचा दांडा कुठल्या हातानं फिरवतात हे सांगावं तसं तिनं सांगितलं. पिशवी पुढे केली आणि वर म्हणाली, "ह्या टायमाला जरा मोठं द्या. ल्हान लवकर सपतं, मंग पोरी उठतात."

बाईंनी कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं आणि पिशवीत घातलं. ते कसलं होतं, चांगलं की वाईट, त्यांनी पाहिलंही नाही. गोदू पायऱ्या उतरून लूमच्या आवाजाच्या दिशेनं निघून गेली.

तिच्यामागे रांगेत एक लहान मुलगी उभी होती, दोन वेण्या, नवी चप्पल, कुणाची कोण कुणास ठाऊक. ती पुढे आली आणि शिकवून पाठवल्यासारखी एका दमात म्हणाली, "बाई, मला तुमच्या आवडीचं एक पुस्तक द्या."

आनंदीबाईंनी तिला न्याहाळलं नाही. घरात कोण कोण आहे, हे विचारलं नाही. कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची मागे सरकवली.

"तुझं तू घे बाई, काय हवं ते," त्या म्हणाल्या. "मला विचारू नकोस."